मास्तर कौतुक करू लागले, तर गाडी थांबवा

त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, बसायच्या बाकड्यासमोर, नियमांची एक पाटी होती. पहिला नियम: पायातून निसटेल असं पादत्राण घालून येऊ नये. दुसरा: गाडीत मोबाइल बंद ठेवावा. इथवर सगळं रीतसर होतं. तिसरा नियम असा: मास्तर कौतुक करू लागले, तर गाडी कडेला घेऊन थांबवावी.

नवा माणूस या तिसऱ्या नियमापाशी हमखास अडखळायचा. पुन्हा वाचायचा, मग काउंटरमागे बसलेल्या वहिनींकडे बघायचा. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगून माणसाच्या चेहऱ्यावर जो निर्विकारपणा येतो, त्या निर्विकारपणे त्या चष्मा कपाळावर चढवून सांगायच्या.

"मास्तरांना मधुमेह आहे. इन्सुलिन घेतात. कधीकधी साखर एकदम खाली येते."

"मग चक्कर येते का त्यांना?"

"चक्कर नंतर. आधी ते गोड बोलायला लागतात. 'वा', 'छान', 'शाब्बास' असलं काही कानावर आलं, की समजायचं, माणूस उतरणीला लागला. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, समोरच्या खणात ग्लुकोजच्या गोळ्या आहेत त्या त्यांच्या तोंडात घालायच्या. ते नको म्हणतील. ऐकायचं नाही."

"आणि मी खरंच चांगली गाडी चालवली, म्हणून म्हणाले असतील तर?"

वहिनी चष्मा पुन्हा नाकावर आणायच्या. "तसं अजून झालेलं नाही."

ते खरंच होतं. मास्तरांचं मत असं, की क्लचवर उगाच ठेवलेला पाय आणि उगाच केलेलं कौतुक, दोहोंनी गाडीची सारखीच वाट लागते. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती, आणि त्या निम्म्या शहराला मास्तरांची वाक्यं तोंडपाठ होती. "तो गिअर आहे, हातपंप नाही." "आरसा लावलाय तो भांग पाडायला नव्हे." "तुम्ही वळलात, गाडी वळली, फक्त रस्त्याला कळवायचं राहिलं." परीक्षेत पास झालेल्याला ते म्हणायचे, "ठीक आहे, आता खरं शिकायला लागा." माघारी लोक त्यांना हँडब्रेक म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. अख्ख्या गाडीत कुणाचंही मन राखायला न जाणारा तेवढा एकच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं.

मधुमेह त्यांच्या आयुष्यात आला तो पन्नाशीनंतर, आणि आल्या आल्या त्याने घरातल्या माणसाची जागा बळकावली. मधुमेह झाला, की माणसाची साखर बंद होते आणि सल्ले सुरू होतात. वहिनींच्या थोरल्या बहिणीने कडू रस पाठवला, शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी गवतावर अनवाणी चालायला सांगितलं, आणि दूर नोकरीला असलेला मुलगा दर रविवारी फोनवरून एखादं नवं संशोधन वाचून दाखवू लागला. कुणाच्या वाढदिवसाला केक कापला, की सगळं घर मास्तरांकडे बघायचं आणि मास्तर केककडे. "तुम्हाला चालत नसेल ना?" असं हळहळून विचारणारी माणसं तो प्रश्न नेमका तोंडात पहिला घास असताना विचारतात, हे निरीक्षण मास्तरांचंच. स्वतः ते या दुखण्याकडे मेकॅनिकच्या नजरेने बघत. "इंजिन ठणठणीत आहे हो," ते सांगायचे, "फक्त टाकीचा काटा खोटं बोलतो. म्हणून अधूनमधून काडी घालून बघावं लागतं."

ती काडी म्हणजे बोटाला टोचायची सुई. मीटर त्यांच्या शर्टाच्या खिशात असे, जिथे इतर माणसं पेन ठेवतात तिथे.

तिसरा नियम आला तो एका बँकेतल्या कारकुनामुळे. हा कारकून टेकडीच्या चढावर गाडी शिकत होता. गाडी मागे घसरेल, या भीतीने त्याची पाचावर धारण बसलेली. त्याने एकदाचा क्लच सोडला, तोही असा, की गाडीने दोन उचक्या दिल्या आणि मग कशीबशी वर निघाली. तेव्हा शेजारून आवाज आला, "वा! काय हळुवार पाय आहे तुमचा. तुम्ही पेटी का वाजवत नाही?"

कारकुनाला आनंदाने काही सुचेना. पुढे एका ट्रकने त्यांना कट मारला, तर मास्तर म्हणाले, "जाऊ द्या बिचाऱ्याला, कुणीतरी घरी वाट बघत असेल." चौकातल्या पोलिसाला त्यांनी खिडकीतून हात करून दीर्घायुष्य चिंतलं. एवढं झाल्यावर कारकुनाला संशय आला, पण तो भलताच आला. मास्तर भर दुपारी प्यायलेत, असं समजून त्याने गाडी सरळ ऑफिसापाशी आणली आणि वहिनींना दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, गैरसमज नको, पण मास्तर आज फार छान बोलताहेत."

वहिनींनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. घामाने गार. त्यांनी साखर कालवलेलं पाणी त्यांच्या घशात ओतलं आणि समोर बसून राहिल्या. मास्तर आधी म्हणाले, की हे पाणी अमृतासारखं आहे. मग म्हणाले, की वहिनी लग्नात जशा दिसत होत्या तशाच दिसताहेत. थोड्या वेळाने त्यांनी डोळे किलकिले करून खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "ही गाडी अशी तिरकी कुठल्या गाढवाने लावली?"

"आले ठिकाणावर," वहिनी कारकुनाला म्हणाल्या. "तुम्ही आता घरी जा."

त्या दिवसापासून पाटीवर तिसरी ओळ आली. वहिनींच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट राहिली, जी त्यांनी कुणाला सांगितली नाही. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा चार बरे शब्द निघाले, ते रक्तातली साखर पंचावन्नावर असताना. पंचावन्नावरचा शब्द धरायचा की सोडायचा? त्यांनी सोडला. संसारात रोज काय काय सोडावं लागतं, त्यात एक भर.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मास्तर वर्षाचं प्रमाणपत्र घ्यायला डॉक्टरांकडे गेले. मास्तरांना गाडी शिकवायला धडधाकट असल्याचा डॉक्टरचा कागद दरसाल लागायचा. त्यावर सही नसेल, तर ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती आणि गाडी त्यांच्याकडेच शिकलेली, त्यामुळे तिचा आदर आणि तिची जुनी खुन्नस, दोन्ही एकाच आवाजात ऐकू यायची.

"काका, गेल्या तीन महिन्यांत किती वेळा साखर उतरली?"

"दोनदा."

"पाच वेळा," वहिनी म्हणाल्या.

"त्यातली एक धरायची नाही, मी झोपलो होतो."

"झोपेत माझा हात धरून शेजाऱ्यांची तारीफ करत होते," वहिनींनी डॉक्टरला सांगितलं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "काका, शिकवताना तुमच्या शेजारी माणूस असतो, तो गाडी थांबवतो, ठीक आहे. पण सकाळी घरून ऑफिसला, संध्याकाळी ऑफिसहून घरी, तुम्ही एकटे चालवता. कौतुक करायला लागलात, तर ऐकायला कोण आहे? यापुढे एकट्याने गाडी चालवायची नाही. घरात दुसरं कुणी चालवणारं असेल, तर मी सही करते. कोण आहे?"

डॉक्टरने आधी मास्तरांकडे बघितलं, मग वहिनींकडे, आणि तिच्या लक्षात आलं. "काकू, तुम्हाला गाडी येत नाही?"

"नाही."

"शहराला गाडी शिकवणाऱ्याच्या घरात?"

"दिव्याखाली अंधार," वहिनी म्हणाल्या. "आणि मी यांच्याकडून शिकायचं म्हणजे, डॉक्टर, मला संसारही करायचा होता."

"पुढच्या महिन्याच्या आत लायसन्स घेऊन या," डॉक्टर म्हणाली. "तोवर हा कागद माझ्या टेबलावर."

अशा रीतीने मास्तरांच्या सगळ्या कारकिर्दीचा भार एका शिकाऊ ड्रायव्हरवर येऊन पडला, आणि ती शिकाऊ ड्रायव्हर वीसेक वर्षं शेजारच्या सीटवर बसून डबा मांडीवर धरणारी बाई होती.

पहिल्या दिवशी दोघं शहराबाहेरच्या, बंद पडलेल्या कापड गिरणीच्या आवारात गेले. मास्तर शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले, त्यांच्या पायाशी तो दुसरा ब्रेक, ज्याच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला.

"हे बघ, घाबरायचं नाही. हा क्लच, हा ब्रेक, हा—"

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "ऑफिसच्या खिडकीखाली तुम्ही रोज हेच ओरडता. मला दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकताना होणाऱ्या चुकासुद्धा पाठ आहेत."

त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला, गाडी सुरू केली, क्लच सोडला. गाडी निघाली. उचकी नाही, धक्का नाही, झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावं तशी. मास्तर टोमणा तयार ठेवून बसले होते, तो तोंडातच राहिला. वहिनींनी गिरणीच्या कोपऱ्याला वळण घेतलं, तेही इंडिकेटर देऊन, अशा आवारात, जिथे गेली कित्येक वर्षं एका कुत्र्याशिवाय कुणी राहत नव्हतं.

मास्तरांना काहीतरी व्हायला लागलं. छातीत काहीतरी भरून आल्यासारखं. हे लक्षण कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्यांनी स्वतःला आवरायचा प्रयत्न केला, पण आठव्या-दहाव्या फेरीला शब्द निसटलेच.

"छान घेतलंस हे वळण."

गाडी कडेला गेली. इंजिन बंद झालं. मास्तर "अगं, नाही" म्हणेपर्यंत दोन गोळ्या त्यांच्या दातांपलीकडे पोहोचल्या होत्या.

"मी बरा आहे!"

"प्रत्येक वेळी हेच म्हणता. चावा."

"अगं, खरंच चांगलं घेतलंस म्हणून म्हणालो!"

"हेही म्हणता. गेल्या वेळी त्या दंतवैद्याला म्हणालात, की तुमच्यासारखा माणूस विमान चालवायला पाहिजे. त्याने फाटकाचा खांब पाडला होता."

मास्तरांनी संतापून मीटर काढलं, बोट टोचलं. एकशे तीस. गोळ्यांची साखर अजून रक्तापर्यंत पोहोचायची होती. वहिनींनी आकडा बघितला, मीटर उलटं करून बघितलं, झटकलं. मग म्हणाल्या, "पट्टी जुनी असेल."

गोळ्या मात्र जुन्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत मास्तरांची साखर अडीचशेवर गेली आणि जेवणात त्यांच्या वाट्याला उकडलेल्या भाज्या आल्या. नियम पाळण्यात वहिनींची हयगय नव्हती. असं त्या महिन्यात तीनदा झालं. चौथ्या वेळी मास्तर शहाणे झाले. बायकोने जागेवर गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे अलगद बसवली, की ते खिडकीबाहेर बघत आणि गालाच्या आतल्या बाजूला चावत. फारच असह्य झालं, तर म्हणत, "मागचं चाक अजून वीतभर आत जायला हवं होतं." वहिनी मान डोलवत. त्यांना वाटे, आपल्याला जमत नाहीये. मास्तरांना दिसे, की तिला जमत नाहीये असं वाटतंय. आणि दोघांच्या मधे ग्लुकोजच्या गोळ्यांची बाटली, जिच्यामुळे खरं बोलायची सोय उरली नव्हती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वहिनी ऑफिसात काउंटरमागे बसून म्हणाल्या, "नापास झाले तर?"

"तर ऑफिस बंद करू," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला नेमून त्याच्याकडून चुका करून घेण्यापेक्षा, आपल्या हाताने कुलूप लावलेलं बरं." हा त्यांचा धीर देण्याचा प्रकार होता.

परीक्षेचं मैदान म्हणजे डांबरी पट्टा, रंगवलेले डबे, एक कृत्रिम चढ आणि कुंपणापाशी बाकडं. जुने परीक्षक निवृत्त झाले होते. ते सबंध परीक्षेत फक्त नाकातून आवाज काढत, आणि मास्तरांचे शिकाऊ त्यांच्यापाशी अगदी घरच्यासारखे असत. त्यांच्या जागी नुकतेच बदलून आलेले साहेब होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळ शांत, प्रत्येकाला "अहो-जाहो". शिकाऊंना धीर यावा म्हणून अधूनमधून ते कौतुकाचा एखादा शब्द बोलत. सवयच होती ती. मास्तरांना ही सवय माहीत नव्हती, नाहीतर त्यांनी बायकोला सकाळीच सावध केलं असतं.

मास्तर बाकड्यावर बसले. वहिनींनी गाडी काढली. डब्यांमधून आठाचा आकडा काढला, एकाही डब्याला वाऱ्याचासुद्धा धक्का लागला नाही. मग गाडी मागे घेऊन चौकोनात लावायची होती. वहिनींनी ती अशी लावली, की चारी बाजूंनी सारखी जागा उरली. बाकड्यावरून मास्तर उठून उभे राहिले.

तिकडे गाडीत साहेब समाधानाने म्हणाले, "छान."

मास्तरांना लांबून एवढंच दिसलं, की चौकोनातून बाहेर पडलेली गाडी, चढाकडे जायचं सोडून, इंडिकेटर देऊन कडेला आली आणि उभी राहिली. मग बायको वाकली. मग तिचा हात साहेबांच्या तोंडाकडे गेला.

मास्तर धावले. त्यांना धावताना शहराने गेल्या दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चावा, चावा, बोलू नका," वहिनी म्हणत होत्या. साहेबांनी "हे काय" असं विचारायला तोंड उघडलं होतं, त्याच फटीतून गोळी आत गेली होती. मग वहिनींची नजर साहेबांच्या मिशीवर पडली. त्यांच्या नवऱ्याला मिशी नव्हती. त्यांचा हात हवेतच थांबला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

साहेब दार उघडून बाहेर आले. गोळी थुंकावी की गिळावी, याबद्दल कुठलाच शासकीय नियम त्यांना आठवेना. शेवटी सभ्य माणूस म्हणून त्यांनी ती गालात ठेवली.

"मास्तर, मला यांनी काय खायला घातलं?"

"साखर आहे, साहेब. साधी साखर," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"परीक्षकाला गोळी? हा लाच देण्याचा काही प्रकार आहे का?"

"नाही हो! तुम्ही तिला छान म्हणालात ना?"

"म्हणालो. मग?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. पाटी, तिसरा नियम, कारकून, दंतवैद्य, डॉक्टरच्या टेबलावर पडलेला कागद. साहेब गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला करत ऐकत होते. ते विनोदी माणूस नव्हते, आणि मास्तरांच्या गोष्टीत त्यांना विनोद दिसलाही नाही. त्यांना दिसली ती कामातली अडचण.

"म्हणजे, या बाई कुणी चांगलं म्हटलं की गाडी थांबवणार."

"फक्त मी म्हटलं तर. म्हणजे आज सवयीने तुम्हालाही..." मास्तर अडखळले.

साहेबांनी हातातला कागद बघितला. "मास्तर, मी इथे नवा आहे. तुम्ही जुने आहात, सगळे तुमचं नाव घेतात. तुम्ही कुणाचं खोटं चांगलं सांगत नाही, असंही ऐकलंय. तुम्हीच सांगा. बाई रस्त्यावर गाडी चालवायला तयार आहेत का? नवरा म्हणून नको, शिकवणारा म्हणून."

वहिनी गाडीच्या दाराला टेकून उभ्या होत्या. ग्लुकोजची बाटली अजून त्यांच्या मुठीत होती.

वाईट म्हणावं, तर कागद डॉक्टरच्या टेबलावरच राहणार आणि दाराला कुलूप. चांगलं म्हणावं, तर बायको साहेबांच्या देखत अख्खी बाटली त्यांच्या तोंडात रिकामी करणार, आणि जे म्हटलं ते पुन्हा एकदा साखरेच्या खात्यावर जमा होणार. क्षणभर त्यांना चढावर इंजिन बंद पडलेल्या शिकाऊसारखं झालं. पुढेही जाता येईना, मागेही घसरता येईना.

"एक मिनिट थांबा, साहेब," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून मीटर काढलं. पट्टी लावली, बोट टोचलं, थेंब दिला. तिघंही त्या छोट्या पडद्याकडे बघत उभे राहिले, जसे लोक निवडणुकीच्या निकालाकडे बघतात.

एकशे एकवीस.

मास्तरांनी मीटर आधी बायकोला दाखवलं, मग साहेबांना. मग ते बायकोकडे न बघता, साहेबांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत बोलले.

"मी आजवर जेवढ्या माणसांना शिकवलं, त्यांत हिच्याइतकी चांगली गाडी कुणी चालवत नाही. मीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी गिरणीच्या आवारात तिने क्लच सोडला, तेव्हाच मला कळलं. महिनाभर सांगायला बघतोय. सांगितलं की गोळ्या. तिला वाटतंय, तिला जमत नाही. साहेब, तिला जमतं. तिला सगळंच जमतं. मला सांगायला जमलं नाही, एवढंच."

पलीकडे कुणाच्या तरी गाडीने डबा पाडला.

"दुसऱ्या बोटावर घ्या," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी दुसरं बोट टोचलं. एकशे अठरा.

वहिनींनी आकडा बराच वेळ बघितला. मग त्यांनी ग्लुकोजच्या बाटलीला झाकण लावलं, अगदी घट्ट, आणि गाडीच्या काचेवर नसलेला डाग बोटाने पुसायला लागल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. "सकाळी नीट खाल्लं होतं ना?" त्यांनी त्या काचेलाच विचारलं.

"खाल्लं होतं."

"मग ठीक आहे."

साहेबांनी गोळी एव्हाना संपवली होती. त्यांनी घसा साफ केला. "बाईंनी गाडी थांबवताना आरशात बघितलं, इशारा दिला, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आज सकाळपासून गाडी इतकी रीतसर कुणी थांबवलेली नाही. थांबवायचं कारण गैरसमजातलं होतं, पण थांबवणं बरोबर होतं. परीक्षकाला खाऊ घालण्याबद्दल मी तोंडी ताकीद देतो. राहिलेला चढ पूर्ण करू." ते गाडीत बसले आणि पुढे म्हणाले, "मात्र आता मी काही बोलणार नाही."

चढ झाला. चढावर थांबून पुन्हा निघणं झालं. गाडी बोटभरसुद्धा मागे सरकली नाही. साहेबांनी सही केली आणि सवयीने तोंड उघडलं. मग त्यांची नजर समोरच्या खणाकडे गेली. त्यांनी तोंड मिटलं, मान खाली-वर हलवली आणि झटकन उतरले.

डॉक्टरचा दवाखाना तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर. मास्तर शेजारी बसले, हातात नवा कागद. बायकोकडे बघावं की रस्त्याकडे, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते कागद वाचत राहिले. पहिला चौक गेला. दुसऱ्या चौकात दवाखान्याचं वळण होतं. वहिनींनी ते वळण घेतलं नाही.

"अगं, वळण गेलं!"

"मी बघितलं."

"मग?"

"दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा असतो." त्यांनी तिसऱ्यातून चौथ्यात टाकली. शहर संपलं, कालव्याकाठचा लांब, सरळ रस्ता लागला. या रस्त्याने मास्तरांनी त्यांना शेकडो वेळा नेलं होतं. तेव्हा तो त्यांना डाव्या खिडकीएवढाच दिसायचा. आता तो सगळाच्या सगळा समोर होता, आणि वहिनी जरा पुढे झुकून, ओठ आवळून, कुणी परत मागेल की काय अशा घाईने तो बघत होत्या.

बराच वेळ गेला. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "माझी जेवायची वेळ झाली. उशीर झाला, तर मग खरंच मी काहीबाही बोलायला लागेन."

"डबा मागच्या सीटवर आहे."

"चालत्या गाडीत खायचं?" गाडीत सांडलेला एक कण मास्तरांना खपत नसे.

"खा," वहिनी म्हणाल्या. "आणि बोलायचं ते बोला. मी थांबवणार नाही."